पंचेचाळीसच्या गतीवर

बितोमची खाण बंद झाली तेव्हा मी चार वर्षांची होते.
दिवे ठेवायची खोली तेवढी उरली.
भिंतीवर हुकांच्या रांगा, प्रत्येकाखाली एक आकडा,
आणि आता मधोमध ड्रमसेट,
ज्येमोवितच्या मावशीच्या गालिच्यावर.

दोन दिवसांचं भाडं आगाऊ.
त्यासाठी ओल्गेर्दने मोटरसायकल विकली,
मी उन्हाळाभर ग्दिनियाला मासे साफ केले.
अजून वास येतो, बोग्ना म्हणते,
सॅक्सोफोनची रीड ओठांत भिजवता भिजवता.

फेब्रुवारी.
हीटर लावला की गुणगुणतो, तेही बेसूर.
बंद केला की बोटं लाकडाची.
मग असं ठरलं: दोन टेकच्या मध्ये हीटर,
टेक चालू असताना हातमोजे, टोकं कापलेले.

माझा इलेक्ट्रिक पियानो माझ्याहून सत्तावीस वर्षांनी थोरला,
लग्नात वाजवणाऱ्या एका बँडकडून घेतलेला.
कुठल्याशा नवरानवरीवर उधळलेलं एक नाणं
त्याच्या पट्ट्यांखाली जाऊन बसलंय.
वरच्या सप्तकात गेलं की खुळखुळतं.
काढू म्हणून दोनदा उघडला.
दोनदा तसाच मिटला.

रचना सात मात्रांची.
सात म्हणजे चार आणि तीन.
ओल्गेर्दच्या मते तीन आणि चार.
यावरून आम्ही ट्राममध्ये भांडलो, जिन्यात भांडलो,
एकदा तर दफनभूमीत,
त्याच्या आजोबांसाठी मेणबत्ती लावताना,
वाऱ्याला पाठ करून, काडी पेटेना म्हणून कुजबुजत.
टेकमध्येही तो त्याचं मोजतो, मी माझं.
समेवर मात्र एकदमच पोचतो,
दोघंही रागावलेले.

काचेपलीकडे पान लुत्सियान.
त्यांच्याकडे आमच्यासाठी एकच शब्द: पुन्हा.
तिसऱ्या टेकला पुन्हा.
सहाव्याला ज्येमोवितची काठी मोडली, तरी पुन्हा.
नवव्याला बोग्ना रडली,
त्यांनी मान खाली घालून केबल गुंडाळली, मग म्हणाले, पुन्हा.
अकराव्यानंतर काहीच बोलले नाहीत.
सँडविचचा कागद उलगडला.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
खोकलायचीही हिंमत नव्हती कुणाला.

तीनशे प्रती आल्या, एका खोक्यात बारा कोपरे चेपलेले.
पहिली बाबांना.
एकतीस वर्षं त्यांनी ट्राम चालवली,
रुळाबाहेरच्या कशावरही त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.
कोट न काढताच त्यांनी तबकडी लावली.
खटका पंचेचाळीसवर होता, त्यांच्या तरुणपणापासून,
लहान तबकड्यांसाठी.

मी दारात उभी.
बोग्नाचा सॅक्सोफोन बदकाच्या पिल्लासारखा,
बेस जिन्यावरून धडधडत उतरणारा,
बावीस मिनिटांची बाजू सोळा मिनिटांत खलास.
बाबा गुडघ्यावर बोटं आपटत होते,
एकही मात्रा न चुकता.

'केवढी घाई,' ते म्हणाले.
'स्टॉपवर वेळेआधी पोचलो की आमचा पगार कापायचे.'
मग जरा थांबून,
'आणि हे मधेच कोण पैसे मोजतंय?'

मी पुढे झाले. खटक्यावर बोट ठेवलं.
त्यांनी तबकडी उलटी केली होती,
तळव्यांच्या मध्ये धरून,
गरम ताटली धरावी तशी.
बोट काढून घेतलं.

दुसरी बाजू सुरू झाली, तशीच धापा टाकत,
आणि त्या वेगात मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं:
तीन आणि चार.

ओल्गेर्दला हे मी सांगणार नाही.